मनाई केलेल्या प्रीतीचे गाणे : पैठण-वेरूळपासून मराठी चित्रगीतापर्यंत

विषय आणि त्याची व्याप्ती

घराने, जातीने, धर्माने किंवा राज्याने नाकारलेले प्रेम हा लोकप्रिय गाण्याचा सगळ्यात टिकाऊ विषय आहे. लॅटिन अमेरिकेच्या बोलेरो, बचाता आणि तेहानो गाण्यांनी तो जगभर पोचवला. महाराष्ट्रात त्याची वाट याहून कितीतरी जुनी आहे. ती किमान प्राकृत गाथांपर्यंत मागे जाते आणि तिचे अनेक मुक्काम एकाच पट्ट्यात येतात: पैठण, देवगिरी, वेरूळ, खुलताबाद आणि औरंगाबाद शहर. ही सगळी ठिकाणे आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आहेत. प्राकृत गाथा, महानुभावांचे धवळे, एकनाथांच्या गौळणी, फारसी मसनवी आणि दखनी गझल इतक्या वेगवेगळ्या घाटांत हा एकच विषय इथे हाताळला गेला. पुढे लावणी, संगीत नाटक आणि चित्रपट यांनी तो महाराष्ट्रभर नेला.

अशा गाण्यांकडे पाहताना तीन प्रश्न उपयोगी पडतात. पहिला, मनाई कोणाची आहे: सासूची, भावाची, जातीची की तख्ताची? दुसरा, गाणे कोणाच्या तोंडी आहे आणि ते रचले कोणी? तिसरा, शेवट काय: मीलन, विरह की मृत्यू? या तीन प्रश्नांची उत्तरे काळागणिक बदलतात. एक गोष्ट मात्र फारशी बदलत नाही. समाज घरात जे चालू देत नाही त्याला गाण्यात मुभा देतो, पण ती मुभा अटींवर असते. कधी गाणाऱ्याने निनावी राहावे लागते, कधी देवाचे नाव घ्यावे लागते, कधी गाणारी व्यक्ती अगोदरच समाजाच्या वेशीबाहेर उभी असावी लागते. या अटींचा इतिहास हाच या विषयाचा खरा इतिहास आहे.

गोदाकाठच्या गाथा

सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे आजचे पैठण. हाल सातवाहनाच्या नावावर असलेला ‘गाथासप्तशती’ हा महाराष्ट्री प्राकृतातला सुमारे सातशे मुक्तकांचा संग्रह. त्याचा गाभा इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला आणि त्यात पुढची काही शतके भर पडत गेली, असे अभ्यासक मानतात. स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली त्याची विस्तृत मराठी आवृत्ती सिद्ध केली आणि हा संग्रह मराठी वाचकाच्या घरात आला. यात राजवाडे थोडे आणि शेते फार आहेत. पाटलाची मुलगी, वाटसरू, सासू, नणंद, शेजारीण, परगावी गेलेला नवरा ही त्याची पात्रे.

या गाथांमधले कितीतरी प्रेम चोरटे आहे. भाताचे शेत कापणीला आले की एखादी नायिका खिन्न होते, कारण भेटीची जागा उघडी पडणार असते. मग सखी तिला ताग अजून उभा असल्याचा दिलासा देते. सासू कुठे निजते आणि आपण कुठे, हे एखादी गृहिणी रातआंधळ्या वाटसरूला दिवसाउजेडी नीट दाखवून ठेवते. इथली मनाई घरची आणि आळीची आहे. पहारेकरी म्हणजे सासू आणि शेजारच्या बायकांची जीभ. शिक्षेची धास्ती फारशी नाही, बोभाट्याची आहे.

मनाईमुळे बोलणे वाकडे होते आणि त्या वाकडेपणातून काव्य तयार होते, हे या गाथांनी भारतीय साहित्यशास्त्राला शिकवले. गोदाकाठच्या झुडपांत फुले वेचायला येणाऱ्या एका धार्मिक गृहस्थाला नायिका सांगते, की आता खुशाल हिंडा. तुम्हाला त्रास देणारा कुत्रा तिथल्याच झाडीत राहणाऱ्या सिंहाने मारला आहे. वरवर परवानगी दिसते, पण सिंहाचे नाव ऐकून तो पुन्हा फिरकू नये आणि आपली संकेताची जागा मोकळी राहावी, हा तिचा हेतू. नवव्या शतकात काश्मिरात आनंदवर्धनाने ध्वनीचा सिद्धांत मांडताना याच गाथेचा दाखला घेतला. उघड बोलता येत नाही म्हणून सूचकतेने बोलणे हा लावणीपर्यंत आणि पुढे चित्रगीतापर्यंत टिकलेला गुण आहे.

गाथांच्या कवींमध्ये रेवा, माधवी, अनुलक्ष्मी, रोहा, शशिप्रभा अशी स्त्रियांची नावे परंपरेने नोंदवली आहेत. बऱ्याचशा गाथा स्त्रीच्याच तोंडी आहेत. बोलणारीला मात्र नाव नसते. ती कोणाची तरी सून असते आणि तेवढीच तिची ओळख. या निनावीपणातच तिला बोलण्याची सोय मिळाली आहे.

लेण्यांतले लग्न आणि रुक्मिणीची कथा

वेरूळच्या हिंदू लेण्यांपैकी क्रमांक २१, म्हणजे रामेश्वर, हे सहाव्या शतकातले मानले जाते. तिथे पार्वतीचे तप आणि शिव-पार्वतीचा विवाह हे दोन्ही प्रसंग कोरलेले आहेत. क्रमांक २९ च्या धुमार लेण्यातही विवाहाचे भव्य शिल्प आहे. पुराणकथेत हे लग्न सरळ ठरलेले नाही. स्मशानात राहणारा, भस्म फासणारा जावई पाहून वधूची आई मेना हादरते. मुलगी हट्टाने आणि तपाने आपला वर मिळवते. शिल्पकारांनी मात्र कलहाचा भाग घेतला नाही. तप आणि पाणिग्रहण ही दोन टोके घेतली. घरच्यांच्या विरोधाला वळसा घालून केलेली वराची निवड देवांच्या बाबतीत मंगल ठरते, हा या परंपरेचा एक जुना नियम.

तोच नियम रुक्मिणीच्या कथेत अधिक स्पष्ट होतो. भाऊ रुक्मी याने तिचे लग्न शिशुपालाशी ठरवले आहे. ती कृष्णाला पत्र पाठवते आणि तो तिला रथातून घेऊन जातो. यातली मनाई भावाची आहे आणि उपाय पळून जाण्याचा. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात महानुभाव पंथातल्या महदंबेने हा विषय धवळ्यांमध्ये, म्हणजे लग्नात म्हणायच्या गीतांमध्ये, रचला. ती मराठीतली आद्य कवयित्री मानली जाते. नरेंद्र कवीचे ‘रुक्मिणीस्वयंवर’ १२९२ च्या सुमाराचे. परंपरा सांगते, की नरेंद्र देवगिरीच्या रामदेवराव यादवाच्या दरबारी होता. राजाने काव्याला आपले नाव देण्यासाठी द्रव्य देऊ केले, ते त्याने नाकारले आणि तो महानुभाव पंथात गेला. पुढे पैठणच्या एकनाथांनी १५७१ साली काशीत आपले ‘रुक्मिणीस्वयंवर’ पूर्ण केले.

एकनाथांच्या या ग्रंथाचे पुढे जे झाले ते या विषयाच्या दृष्टीने फार बोलके आहे. लग्न जमावे, चांगला वर मिळावा म्हणून उपवर मुलींनी त्याचे पारायण करण्याची प्रथा महाराष्ट्रात रूढ झाली. भावाने ठरवलेले लग्न मोडून निघून गेलेल्या मुलीची कथा घराने ठरवलेल्या लग्नासाठी वाचली जाऊ लागली. कथेतल्या बंडाला देवत्वाचे वलय मिळाले की ते घरातल्या शिस्तीला धोका वाटत नाही.

देवलदेवी : वेरूळच्या वाटेवरची वधू

नरेंद्राच्या काव्यानंतर सुमारे पंधरा वर्षांनी देवगिरीच्याच वाटेवर एका वधूचे हरण झाल्याची कथा सांगितली जाते, पण तिथे हरण करणारा कृष्ण नव्हता. गुजरातचा शेवटचा वाघेला राजा कर्ण याच्या राज्यावर १२९९ मध्ये अलाउद्दीन खिलजीच्या सैन्याने हल्ला केला. राणी कमलादेवी दिल्लीच्या जनानखान्यात गेली. कर्ण मुलगी देवलदेवीसह बागलाणात राहिला. देवगिरीच्या शंकरदेव यादवाने तिला मागणी घातली होती, पण यादव कुळ आपल्यापेक्षा उणे म्हणून कर्ण राजी नव्हता. खिलजी सैन्य पुन्हा चालून आल्यावर त्याचा नाइलाज झाला आणि वधू देवगिरीकडे निघाली. गुजरातचा सुभेदार अलपखान याच्या सैन्यातले काही लोक वेरूळची लेणी पाहायला गेले असताना त्यांची या लवाजम्याशी गाठ पडली, चकमक झाली आणि देवलदेवी पकडली गेली, असे इतिहासकार फिरिश्ता सांगतो. त्याने हे लिहिले ते तीनशे वर्षांनी, सतराव्या शतकाच्या आरंभी, विजापुरात.

दिल्लीला नेल्यावर अलाउद्दीनचा मुलगा खिज्रखान आणि देवलदेवी यांचे प्रेम जुळले, ही कथा अमीर खुस्रोने ‘दुवलराणी खिज्रखान’ या फारसी मसनवीत रचली. ‘आशिका’ या नावानेही ती ओळखली जाते आणि तिचा मुख्य भाग १३१६ च्या सुमाराचा आहे. खिज्रखानाच्याच सांगण्यावरून आपण ती लिहिली, असे खुस्रो म्हणतो. दोघे तेव्हा मुलेच होती. काव्यातली मनाई खिज्रच्या आईची आहे. तिला अलपखानाची मुलगी सून म्हणून हवी होती. तसे लग्न झाले, पुढे देवलदेवीशीही झाले. अलाउद्दीनच्या मृत्यूनंतर ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदेत असलेल्या खिज्रखानाला आंधळे करण्यात आले आणि भाऊ मुबारकशहाच्या काळात त्याला मारले गेले. खुस्रोने हा शेवटही पुढे काव्याला जोडला.

ही कथा कितपत ऐतिहासिक, यावर इतिहासकारांत एकमत नाही. काहींनी ती सपशेल कल्पित मानली आहे. गाण्याच्या इतिहासात मात्र तिचे स्थान पक्के आहे, कारण एकाच स्त्रीभोवती तीन मनाया येतात. पित्याला कुळ आडवे आले, युद्धाने ठरलेले लग्न मोडले, दिल्लीत राजघराण्याची सोयरीक आडवी आली. दरबारी कवीने यातली तिसरी मनाई प्रेमकाव्याचा विषय केली आणि पहिल्या दोन बाजूला ठेवल्या. कैद करून आणलेल्या मुलीला होकार-नकाराचा कितीसा वाव होता, हा प्रश्न काव्य विचारत नाही. १८६६ साली नंदशंकर मेहता यांनी ‘करणघेलो’ ही पहिली गुजराती कादंबरी लिहिली तेव्हा सहानुभूतीची दिशा फिरली आणि देवगिरीच्या राजपुत्राशी जुळलेली प्रीती पुढे आली. मनाई केलेले प्रेम कोणते, हे कथा कोण सांगतो यावर ठरते; देवलदेवी त्याचे सगळ्यात ठळक उदाहरण आहे.

खुलताबादचा इश्क आणि औरंगाबादची गझल

वेरूळहून घाट चढला की खुलताबाद. खुस्रोचे गुरू निजामुद्दीन औलिया यांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब दख्खनेत आले आणि १३३७ मध्ये इथेच त्यांचे देहावसान झाले. खुस्रोचा मित्र आणि ‘फवाइद-उल-फुआद’चा कर्ता अमीर हसन सिजझी याचीही कबर खुलताबादेत आहे. बुऱ्हाणुद्दीन समाचे, म्हणजे भक्तिगायनाच्या मैफलीचे, मोठे रसिक. समात नाचण्याची त्यांच्या मंडळींची रीत ‘बुऱ्हाणी’ म्हणून ओळखली गेली. धर्मशास्त्री समाला आक्षेप घेत असताना सूफींनी त्याला आधार दिला तो इश्काच्या दोन पातळ्यांचा: माणसाचे माणसावरचे प्रेम ही पायरी, ईश्वराचे प्रेम हे घर. त्यामुळे प्रियकर-प्रेयसीचे, मद्याचे आणि बदनामीचे बोल दर्ग्यात गाता येऊ लागले. गौळणीला कृष्णाने जी मुभा दिली तीच कव्वालीला या दुहेरी अर्थाने.

अठराव्या शतकातला सिराज औरंगाबादी याच वातावरणातला. तरुणपणी त्याला प्रेमोन्मादाने घेरले आणि तो बुऱ्हाणुद्दीन गरीबांच्या दर्ग्याभोवती भटकत राही, हे त्याने स्वतःच नोंदवले आहे. इश्काच्या नवलाची वार्ता सांगणारी त्याची गझल भारत-पाकिस्तानातले कव्वाल आजही गातात. त्याच्या आधी वली दखनीने औरंगाबादच्या भाषेतली गझल दिल्लीपर्यंत पोचवली होती. गझलेतला माशूक, म्हणजे प्रेमपात्र, बहुधा व्याकरणाने पुल्लिंगी असतो आणि त्याची ओळख झाकलेली राहते. स्त्री की पुरुष, माणूस की ईश्वर, हे न सांगण्याची सोय या प्रकारात आहे आणि कवींनी तिचा भरपूर उपयोग केला.

याच परिसरात औरंगजेबाच्या नावाशी जोडलेली एक प्रेमकथाही आहे. दख्खनचा सुभेदार असताना बुऱ्हाणपुरात हिराबाई, म्हणजे जैनाबादी, या गायिकेवर त्याचे मन जडले. ती त्याच्या मावशीच्या घरातली दासी होती. थोड्याच काळात तिचा मृत्यू झाला आणि तिला औरंगाबादेत पुरले. ‘मासिर-उल-उमरा’ या अठराव्या शतकातल्या ग्रंथात ही हकीकत आहे. पुढे दरबारी गायन बंद करणाऱ्या आणि खुलताबादेत साध्या कबरीत विसावलेल्या बादशहाची ही आठवण लोकांनी आवर्जून जपली, कारण मनाई करणाराच तिच्यात मनाईच्या पलीकडे गेलेला दिसतो.

गौळण आणि लावणी

राधा-कृष्णाचे प्रेम हे परकीयेचे प्रेम आहे. राधेला घर आहे, नवरा आहे. एकनाथांच्या गौळणींत दही घुसळता घुसळता बासरी ऐकून भान हरपलेली, सासू-नणंदेच्या नजरा चुकवून निघालेली गोपी येते. बाहेरून पाहिले तर हीच गाथासप्तशतीतली नायिका. फरक इतकाच, की तिला आता निनावी राहण्याची गरज नाही, कारण तिचा प्रियकर देव आहे आणि तिचे घर सोडणे म्हणजे जिवाने प्रपंच सोडणे. वारकऱ्यांच्या भजनात गौळण या अर्थाने गायली जाते. तमाशाच्या फडात मात्र गण झाल्यावर येणारी गौळण मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, त्यांना अडवणारा कृष्ण, पेंद्या आणि मावशी यांच्या थट्टेत रंगते. एकच विषय देवळात आणि फडात शेजारी शेजारी नांदतो, आणि श्रोता दोन्हीकडे तोच असतो.

लावणीने देवाचा आधार बाजूला ठेवला. उत्तर पेशवाईत राम जोशी, अनंत फंदी, होनाजी बाळा, परशराम, प्रभाकर, सगनभाऊ या शाहिरांनी तिला प्रौढ रूप दिले. मोहिमेवर गेलेला धनी, एकटी पडलेली घरधनीण, दाराशी येणारा दुसरा, सवतीचे दुःख, भेटीची ठरलेली वेळ हे तिचे नेहमीचे प्रसंग. शब्द स्त्रीचे आणि रचणारा पुरुष, असा इथला बहुतेक मामला. एकेकाळी नाचणारा पोरगा आणि नंतर कोल्हाटी व इतर समाजांतल्या स्त्रिया तिला रंगमंचावर उभे करीत आल्या. लावणीत इच्छा बोलून दाखवणारी बाई कुलीन घरातली असते. ती इच्छा गाऊन दाखवणाऱ्या बाईला मात्र कुलीन घराचा उंबरा बंद असतो. लावणीला मुभा मिळाली ती या अटीवर. गाण्याला दाद आणि गाणारीला दुरावा हा करार शतकभराहून अधिक काळ चालला. विठाबाई नारायणगावकर, यमुनाबाई वाईकर यांच्या पिढीला पुरस्कार आणि पद्म सन्मान मिळेपर्यंत तो सैल व्हायला सुरुवात झाली नव्हती.

म्हणूनच विसाव्या शतकात फडावरच्या बाईवर जडलेले प्रेम हा मराठी चित्रपटाचा स्वतंत्र विषय झाला. ‘लोकशाहीर राम जोशी’ (१९४७) मध्ये विद्वान ब्राह्मण घरातला कवी तमाशाच्या वाटेला लागतो. व्ही. शांताराम यांच्या ‘पिंजरा’त (१९७२) आदर्श शिक्षक तमाशातल्या नर्तकीपायी नाव, गाव आणि ओळख गमावतो. जगदीश खेबूडकरांची गीते आणि राम कदमांचे संगीत यांनी या चित्रपटाला घराघरात नेले. इथे मनाई प्रतिष्ठेची आहे आणि शिक्षा पुरुषाला होते. नर्तकीचा अगोदरचा बहिष्कार मात्र शिक्षा म्हणून मोजलाच जात नाही.

संगीत नाटक : मनाईला सभ्य रूप

मध्यमवर्गाने याच विषयाला दुसरे घर दिले. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ १८८० चे आणि ‘संगीत सौभद्र’ १८८२ चे. ‘सौभद्र’ मध्ये बलराम सुभद्रेचा हात दुर्योधनाला देऊ पाहतो, तिचे मन अर्जुनावर आहे आणि धाकटा भाऊ कृष्ण सगळे डाव उलटवतो. मनाई खरी असली तरी तिची धार विनोदाने बोथट केली आहे. गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘शारदा’ने (१८९९) प्रश्न उलटा मांडला: म्हाताऱ्याशी ठरवलेले लग्नच निषिद्ध असायला हवे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘स्वयंवर’ मध्ये १९१६ साली रुक्मिणी पुन्हा रंगभूमीवर आली. भास्करबुवा बखल्यांच्या चाली आणि बालगंधर्वांची रुक्मिणी यांमुळे या नाटकाची पदे मैफलीत गेली. भावाला न जुमानणाऱ्या मुलीची उत्कंठा एक पुरुष गात होता आणि ती ऐकायला घरंदाज स्त्रिया नाट्यगृहात येत होत्या. स्वतः रंगमंचावर जाण्याची मोकळीक त्यांना अजून नव्हती.

रेडिओ आणि ध्वनिमुद्रिकांच्या काळातल्या भावगीताने विरह घेतला आणि त्याचे कारण बहुतेक वेळा न सांगितलेले ठेवले. प्रेम का फळले नाही हे गाण्यात येत नाही. जात, पैसा, धर्म यांची नावे तर नाहीतच. शेताच्या कडेची झुडपे जाऊन चांदणे आणि वाट आली, तरी सूचकता तीच राहिली.

चित्रगीत : मनाईचे नाव उच्चारले जाते

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली जातिनिर्मूलनावरच्या आपल्या प्रसिद्ध लिखित भाषणात आंतरजातीय विवाह हा जातीवरचा खरा उपाय म्हणून सांगितला. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने जात-धर्म न पाहता लग्नाची सोय केली, पण त्यातली तीस दिवसांची जाहीर नोटीस पहारेकऱ्यांनाही बातमी देते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शक्ती वाहिनी प्रकरणात स्पष्ट केले, की दोन सज्ञान व्यक्तींच्या लग्नाला कुटुंबाची वा समाजाची संमती लागत नाही. कायदा आणि गाव यांच्यातले हे अंतर नागराज मंजुळे यांच्या चित्रपटांत दिसते. ‘फँड्री’त (२०१३) कैकाडी समाजातल्या शाळकरी मुलाचे एकतर्फी प्रेम बोलण्याआधीच चिरडले जाते.

‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ ला प्रदर्शित झाला. सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा परिसरात घडणाऱ्या या कथेत गावच्या पुढारी पाटलाची मुलगी आर्ची आणि मासेमारी करणाऱ्या घरातला परश्या एकमेकांवर प्रेम करतात. अजय-अतुल यांच्या चार गाण्यांसाठी लॉस एंजेलिसमध्ये सिंफनी वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण झाले. ही चारही गाणी पूर्वार्धात येतात आणि ती आनंदाची आहेत. गाव सुटल्यावर गाणे थांबते. शेवटच्या प्रसंगात, माहेरची माणसे येऊन दोघांचा जीव घेऊन गेल्यावर, पडद्यावर शांतता आहे. परंपरेत गाणे प्रेमाला जी मुभा देत आले ती जमिनीवर टिकत नाही, हे चित्रपटाने गाणी काढून घेऊन दाखवले. इथे देवाचे नाव नाही, दुहेरी अर्थ नाही, फडाचा आडोसा नाही. मनाई कोणाची, हे आडनाव आणि वाड्यासकट समोर आहे. नायिका नवी आहे: आर्ची ट्रॅक्टर आणि बुलेट चालवते, पुढाकार तिचा असतो.

मराठी चित्रपटाने शंभर कोटींच्या उत्पन्नाचा टप्पा ओलांडण्याची ती पहिली वेळ होती. त्यातले ‘झिंगाट’ गावोगावच्या वरातीत वाजू लागले, जातीत जुळवलेल्या लग्नांच्या वरातीतही. रुक्मिणीस्वयंवराच्या पारायणात जे घडले तेच इथे डीजेवर घडले. बंडाची धून समारंभाने आपलीशी केली आणि तिची कथा बाजूला ठेवली.

लॅटिन गाण्याशी ताळा

लॅटिन अमेरिकेतला प्रवास याच वळणांचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्यूबातल्या सांतियागो शहरात बोलेरो जन्मला. पेपे सांचेस याची ‘त्रिस्तेसास’ ही सुमारे १८८३ ची रचना पहिला बोलेरो मानली जाते. भावगीतासारखाच बोलेरो सभ्य घरातला: विरह भरपूर, कारण अस्पष्ट. डॉमिनिकन प्रजासत्ताकातली बचाता लावणीच्या नात्यातली. हुकूमशहा त्रुहियोची राजवट १९६१ मध्ये संपल्यावर लगेच तिची ध्वनिमुद्रणे सुरू झाली, पण दारूचे गुत्ते आणि वेश्यावस्ती यांचे गाणे म्हणून वरच्या वर्गाने तिला दूर ठेवले. हुआन लुईस गेर्राच्या ‘बचाता रोसा’ या १९९० च्या संग्रहाने तिला दिवाणखान्यात आणले आणि न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या आवेंतुरा गटाने जगभर नेले.

‘सैराट’च्या जवळ येणारे उदाहरण टेक्सासच्या तेहानो गायिका सेलेनाचे आहे. तिचे ‘आमोर प्रोइबिदो’, म्हणजेच निषिद्ध प्रेम, १९९४ मध्ये आले. भाऊ ए. बी. किंतानिया आणि पीट अस्तुदियो यांनी ते रचले. त्याची प्रेरणा घरातच होती: तिची आजी मोलकरीण म्हणून ज्या घरात काम करी, तिथल्या श्रीमंत मुलाशी तिचे प्रेम जुळले होते. तिथली मनाई वर्गाची आहे आणि गाण्यात ती नावानिशी येते. मराठी गाण्याला जातीची मनाई इतक्या थेटपणे सांगायला आणखी बावीस वर्षे लागली, आणि तीही गाण्याच्या शब्दांत न येता कथेत आली.

दोन्ही जगे गोव्यात एकमेकांना भेटली होती. पोर्तुगीज अमलाखाली सासष्टीच्या कॅथलिक घरांत एकोणिसाव्या शतकात घडलेला कोंकणी मांडो हा संथ नृत्यगीताचा प्रकार. त्याची चाल आणि हार्मनी युरोपी वळणाची, दुःख मात्र इथले: घरच्यांनी दुसरीकडे ठरवलेले लग्न, जात, परदेशी निघून गेलेला प्रियकर.

अजून न गायलेले

या परंपरेत आवाजांची वाटणी विषम आहे. गाथांतल्या कवयित्री आणि महदंबा यांच्यानंतर निषिद्ध प्रेमाचे स्त्रीमुखी गाणे बहुतांश पुरुषांनी रचले. स्त्रियांची स्वतःची रचना जात्यावरच्या ओव्यांत आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांच्या प्रयत्नांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. त्यांत भाऊ, आई, लेक, विठ्ठल भरपूर आहेत. मनाई केलेले प्रेम येते ते मुख्यतः लेकीला दिलेल्या इशाऱ्यातून: कोणाशी हसू नकोस, नावाला जपून राहा. पहाऱ्याचा ताण आतून कसा जाणवतो, हे लावणीतल्या धीट नायिकेपेक्षा या ओव्यांतून अधिक कळते.

आंतरधर्मीय प्रेम मराठी लोकप्रिय गीतात जवळपास अनुच्चारित आहे, देवलदेवीच्या कथेचा हा परिसर असूनही. समलिंगी प्रेमाला गझलेने व्याकरणाच्या आडून जागा दिली होती. २०१८ मध्ये कायद्याचा अडसर गेला तरी मराठी गाण्यात त्याची उघड रचना विरळाच. मनाईचा अभ्यास करताना गायल्या गेलेल्या गाण्यांइतकेच या रिकाम्या जागांकडे पाहावे लागते. एखाद्या काळात कोणत्या प्रेमाला गाण्यातही मुभा नव्हती, यावरून त्या काळाची सगळ्यात कडक मनाई ओळखता येते.